हाक न मारणारं घर

९ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं! मला वाटलं होतं येणारच नाही.

पोस्टमन सुहास खालच्या बांधावरूनच ओरडत आला, "संजीवनीताई, पुण्याचं पत्र." बय आतून म्हणाली, "वरडू नको रं, घरात माणूस झोपलाय." घरात आम्ही दोघीच, सासू आणि सून. दोघी टक्क जाग्या. पण बयचं तसंच आहे. आमच्या घरात मोठ्याने हाक मारायची नाही. झोपलेल्याला तर कधीच नाही. पायाचा अंगठा हलकेच धरायचा, मग माणूस आपोआप उठतं. लग्न होऊन आले तेव्हा मला फार हसू यायचं.

दिवाळीत पोलादपूरहून तूरडाळ आणली होती, ती पेपरच्या पुरवणीत बांधलेली. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण पुडीचा कागद वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही. एका शास्त्रज्ञ बाईच्या कामावर लेख होता. काळजाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत इवली इवली दारं असतात, त्यातून क्षारांचे कण आत-बाहेर करतात, त्याची वीज होते, त्या विजेवर ठोका पडतो. काही घराण्यांत त्यातलं एक दार जन्मापासून अडखळतं. माणूस धडधाकट असतो. आणि एके दिवशी फोन वाजतो, नाहीतर गजर वाजतो, आणि संपतं.

पुढचा कागद फाटलेला. मी तेवढाच चार वेळा वाचला. संस्थेचं नाव होतं, म्हणून पोस्टकार्ड टाकलं — "माझे यजमान एकोणीस वर्षांपूर्वी पहाटे अंथरुणातच गेले. उशाशी गजराचं घड्याळ होतं. ते मी आणलेलं. सासू म्हणते, घड्याळाने नेला. असं होतं का? होय किंवा नाही एवढंच कळवा."

आज तिचं उत्तर: "होय, होऊ शकतं. मी तुमच्याकडे येते. तोपर्यंत एक सांगा, तुम्हाला मुलं असतील तर त्यांची छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, कधी काढली आहे का?"

मी ह्यांचंच विचारलं होतं. किशोरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

किशोर मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्टच्या घंटा वाजवून बघणं हे त्याचं काम.

११ जानेवारी

किशोरला फोन केला. म्हणाला, "आई, त्या पेपरात काय बांधून आलं होतं?"

"तूरडाळ."

"मग वरण कर."

हसले मी पण. मग सुनेने, सेजलने फोन घेतला आणि बाजूला जाऊन हळूच सांगितलं — गणपतीत पहाटे कंपनीचा फोन वाजला, हा दचकून उठून बसला आणि तसाच आडवा झाला. मिनिटभर शुद्ध नव्हती. "मला म्हणाले अ‍ॅसिडिटी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

अ‍ॅसिडिटी म्हणे. बापावर गेलाय. तेही सगळ्याला पित्तच म्हणायचे.

१९ जानेवारी, रविवार

शास्त्रज्ञ बाई आली. आम्रपाली नाव. मला वाटलं होतं, पिकल्या केसांची, जाड भिंगाची कुणी असेल. ही तिशीची पोर. पाठीवर पिशवी, हातात मशीनची पेटी, उमरठहून आमचा कोंड, डोंगरातली ही वाडी, चढून येताना लालबुंद झालेली. बय म्हणाली, "ही तपासणार? हिलाच आधी कुनी तपासा." पोरगी धापा टाकत म्हणाली, "आजी, बरोबर आहे तुमचं." बयला आवडली.

नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मी विचारलं, दार अडखळतं म्हणजे काय? ती कागदावर रेघा काढायला लागली. मला कळेना. तेवढ्यात शेजारच्या चंद्राबाईच्या शेळ्या परतल्या, तिच्या आवाराच्या बेड्यातून, कुंपणाच्या दारातून, आत शिरत होत्या. पोर उठून उभीच राहिली. "काकू, हेच. प्रत्येक ठोक्यानंतर काळजातल्या कणांना बाहेर पडायचं असतं. दार नीट उघडलं तर भराभर जातात, पेशी पुढच्या ठोक्याला मोकळी. दार अर्धंच उघडलं तर रेंगाळतात."

"आणि तेवढ्यात कुत्रं भुंकलं तर?" मी म्हटलं.

"तर शेळ्या उधळतात."

कळलं. इतकं साधं आहे. आणि इतक्या साध्या गोष्टीने ते गेले.

ती म्हणाली, "घड्याळाचा दोष नाही काकू. दार आधीपासूनच तसं होतं." तिने घड्याळ बघायला मागितलं. ह्यांच्या टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं, एकोणीस वर्षांत किल्ली दिलेली नाही. गजराचं बटण अजून तसंच, खाली दाबलेलं. ह्यांनीच दाबलं असणार, शेवटचं. मी झऱ्यावर होते. महाडला शाळेत हे शिपाई म्हणून लागणार होते, पहिलाच दिवस, सहाची एसटी. मी हंडा घेऊन आले तर बय ह्यांच्या उशाशी बसलेली. म्हणाली, "घड्याळानं नेला गो."

घड्याळ परत ठेवून दिलं.

२० जानेवारी

सकाळी आम्रपालीला उठवायला अंगठा धरला. तिने अशी लाथ झाडली की तांब्या चुलीपर्यंत गेला! रीत सांगितली तेव्हा डोळे चोळत वहीच काढली तिने. म्हणाली, "ही रीत उगाच पडलेली नाही. या घराण्यात कुणीतरी कधीतरी बघितलंय, दचकून माणसं जातात ते. तुमची भावकी तपासायला हवी."

मग घराण्याचं झाड काढायला हैबतीतात्या बसले. भावकीत सगळ्यात वडील तेच. त्यांनी शिवकाळापासून सुरुवात केली. नऊ पिढ्या तोंडपाठ! आम्रपालीने पुठ्ठ्यावर चौकोन काढले, चौकोनाखाली चौकोन. शेवटी मुरारी, त्याच्याखाली किशोर.

मी म्हटलं, "तात्या, किशोर ह्यांना एकट्यांनाच झाला का?"

तात्या म्हणाले, "आता सुनांची नावं कुठं लिवत बसायची? जागा नाय पुठ्ठ्यावर."

सगळे हसले. मीही हसले.

२१ जानेवारी

देवळाच्या पडवीत चौतीस जणांच्या छातीच्या पट्ट्या काढल्या. हैबतीतात्यांच्या छातीवर तारा चिकटेनात म्हणून वस्तरा आणावा लागला. तात्या म्हणाले, "मिशी मागितली असती तरी दिली असती, पर ह्ये—"

बय आली नाही. "माझ्या छातीला तार लावायची नाय. जाळताना लावा." आम्रपालीने माहेरचं विचारलं, तर "माहेरी कोन नाय उरलं" म्हणून पाठ फिरवली.

चौतीसच्या चौतीस चांगल्या निघाल्या. ठोका पडला की पट्टीवर एक उंच सुळका येतो आणि त्यामागे एक लहानशी टेकडी. आजारात ती टेकडी लांब, पसरट होते. सगळ्यांच्या टेकड्या बुटक्या, नेटक्या. लोक खूश. आम्रपाली पट्ट्या पुन्हा चाळत बसली. घराण्यात नाहीच, तर ह्यांना कुठून आलं? आणि किशोरला कशाच्या जोरावर सांगायचं, ये म्हणून?

ती दुपारच्या गाडीने गेली. बय म्हणाली, "मी सांगितलेलं. घड्याळानं नेला."

२४ जानेवारी

तुरीच्या शेंगा काढल्या. आज ह्यांची आठवण जास्त. बाकी काही नाही.

२६ जानेवारी

किशोरचा फोन. "आई, सगळे पास झाले ना? मग मी पण पास." त्याला काय सांगू? पेढा खा म्हटलं.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी चंद्राबाईकडे विरजण मागायला गेले. तिचा सुनील झोपलेला. मुंबईहून आला की दहापर्यंत लोळतो. चंद्राबाईने परात घेतली आणि उलथण्याने त्याच्या कानाशी बडवली. मी पुढे होऊन तिचा हात धरला.

"अगो, अंगठा धरावा ना!"

"कसला अंगठा? ह्याला बैलगाडीनं ओढला तरी उठायचा नाय."

"तुमच्यात अंगठा धरत नाहीत?"

"आमच्यात कुठं गो? ते तुमच्याच घरात. तुझ्या सासूचं खूळ."

चंद्राबाईचं घर आमच्या भावकीतलं. मी विरजण तिथेच ठेवलं आणि हैबतीतात्यांकडे गेले. तात्यांच्या बायकोला विचारलं. तिथेही नाही. आणखी दोन घरं फिरले. कुणाकडेच नाही.

घरी आले. बय पडवीत कोंबड्यांना दाणे टाकत होती. आमच्याकडे कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. बय टिकू देत नाही. आरवायला शिकला की सागुती.

"बय, अंगठा धरायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आयशीनं माझ्या."

"म्हणजे माहेरी, शिवथरला?"

"मग काय पोलादपूरला? आमच्यात सगळीच धरतात. माझा मोठा भाऊ कसा गेला? रानडुकरं हाकायला पोरांनी त्याच्या मागंच डबं बडवलं. उभा होता तो पडला. आय सांगायची, आपल्यातल्याला दचकवायचं नाय."

"हे तुम्ही डॉक्टरणीला का नाही सांगितलं?"

"तिनं घराणं विचारलं. माझं माहेर हे घराणं हाय का?"

पुठ्ठ्यावर नऊ पिढ्यांचे चौकोन, आणि बय त्यात नाहीच. मी नाही, बय नाही, तिची आई नाही. बापये नुसते बापयांना होत आलेले.

आम्रपालीला फोन लावला. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काकू, एवढं शिकले मी. आजी म्हणाल्या माहेरी कुणी नाही, आणि मी पेटी बंद केली." तिच्या आवाजावरून हसत होती की रडत, कळलं नाही. येत्या रविवारी शिवथर.

९ फेब्रुवारी, रविवार

बय आली! अकरा वर्षांनी माहेरी. ठेवणीतलं हिरवं लुगडं. "कोन नाय उरलं" म्हणणाऱ्या बयला बघायला अख्खी आळी जमली. भाच्याशी, नाथूशी, फणसाच्या झाडावरून भांडण होतं इतकंच. आल्या आल्या बयने विचारलं, "फणस हाय का मेला?" नाथूभावजी म्हणाले, "हाय, आनि आत्ये, ह्या साली दोन तुझं."

भांडण मिटलं.

नाथूभावजींचा मुलगा रात्रपाळी करून झोपला होता. त्याच्या बायकोने वाकून त्याच्या पायाचा अंगठा धरला. आम्रपालीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

बारा पट्ट्या काढल्या. तिघांची टेकडी लांब. नाथूभावजींची तर लांबच लांब. भावजी चौसष्ट वर्षांचे, अजून भारा वाहतात. त्यांना म्हटलं तर छाती पुढे काढून म्हणाले, "म्हंजे आमचं काळीज मोठं."

आम्रपालीने सगळ्यांना समजावलं. गोळी रोज घ्यायची, दार नीट होत नाही पण शेळ्या उधळत नाहीत. काही औषधं टाळायची, त्यांची यादी दिली. महाडच्या हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. तिघांचं रक्त पुण्याला नेलं.

येताना गाडीत बयला म्हटलं, आता तरी पट्टी काढा. म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर वर्सं जित्ती हाय, ही काय कमी लांब पट्टी हाय?"

हिशेब साधा आहे. माहेरकडून बयला आलं असेल तर ह्यांना तिच्याकडून. आणि किशोरला निम्मी शक्यता. नाणं उडवावं तशी.

१० फेब्रुवारी

किशोर म्हणतो, शिमग्याला येतोच आहे, तेव्हा बघू. शिमग्याला तो खालूबाजात ढोल वाजवतो. आमच्या कोंडात त्याच्यासारखा हात कुणाचा नाही.

महिना आहे अजून. सेजलला सांगितलं, त्याच्या फोनचा आवाज बंद ठेव, आणि सकाळी अंगठा धर. ती म्हणाली, "धरते, पण त्यांना गुदगुल्या होतात."

२२ फेब्रुवारी

आम्रपालीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, बशीतल्या पेशींचा. आपल्या रक्तापासून काळजाच्या पेशी तयार करतात, आणि त्या बशीत आपोआप धडधडतात. मागे माणूस नाही, काही नाही, नुसता ठोका! त्यांना केसाहून बारीक काचेची नळी चिकटवून ती एकेका दाराची ये-जा मोजते. कुठल्या औषधाने दार जास्त उघडं राहील ते शोधते. या पेशी दुसऱ्या कुणाच्या. नाथूभावजींच्या तयार व्हायला तीन-चार महिने लागतील.

बयला दाखवलं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"आनि ज्याचं काळीज हाय तो माणूस?"

"तो त्याच्या घरी. जेवत असेल."

"मुरारी असता तर त्याचंबी आसं केलं असतं?"

हो म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

किशोर आणि सेजल सकाळी आले. आम्रपाली कालच पेटी घेऊन येऊन बसलेली. किशोरने तिला बघितलं, नमस्कार केला आणि सरळ ढोल उतरवून दोऱ्या ताणायला घेतल्या.

"शिमगा झाला की काढू आई. उद्या होळी. आज काही निघालं तर मला वाजवू देणार आहात का तुम्ही?"

"नाही," आम्रपाली म्हणाली.

"बघा. म्हणजे मी नाही काढणार."

तो घाबरलाय. मला दिसत होतं. लहानपणी सुई टोचायच्या दिवशी असाच गुरांमागे निघून जायचा. मी ओरडणार होते — आणि आमच्या घरात ओरडत नाहीत. सेजल डोळे पुसत होती.

तेवढ्यात बय उठली, पडवीत आली, चटईवर आडवी झाली.

"लावा गो तार. आधी मला. ह्यो मागून."

किशोर म्हणाला, "आजी, तुला कशाला?"

"तुला भ्या वाटतंय ना? मलाबी वाटतंय. दोघं मिळून भिऊ."

बयची टेकडी लांब निघाली. तिच्या शेजारी तो गुमान झोपला. त्याचीही.

दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, आजीची आणि नातवाची. एकाच हाताने काढल्यासारख्या. किशोरने दोन्ही उचलून उजेडात धरल्या. मग म्हणाला, "आजी, जमीन सगळी हैबतीतात्यांनी खाल्ली. तुझ्याकडून मला हेच मिळालं."

हसलो सगळे. मी चुलीपाशी जाऊन हसले, म्हणजे कुणी बघायला नको.

आम्रपालीने त्याला सगळं सांगितलं. सापडलं हेच मोठं. उद्याच महाडला जायचं, गोळी सुरू करायची. ढोल नाही. लिफ्टची घंटा नाही, कंपनीला ती स्वतः पत्र देणार. सेजलला म्हणाली, "गजर नको, फोन नको, पाठीमागून एकदम मोठ्याने हाकसुद्धा नको. या आजारात झोपेतून दचकणं सगळ्यात वाईट."

बय भिंतीला टेकून ऐकत होती. "हाकसुदिक?" तिने विचारलं.

"हो आजी. हाकसुद्धा."

१३ मार्च, होळी

महाडला जाऊन आलो. गोळी सुरू. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

पुरणपोळ्या बावीस. आम्रपाली पाच. बयने एकही खाल्ली नाही, पोट जड आहे म्हणाली.

ढोल सुनीलने वाजवला. किशोर आमच्या पडवीत बसून लांबून ऐकत होता, मांडीवर बोटं चालली होती. म्हणाला, "बेताल वाजवतोय गाढव." मग थोड्या वेळाने, "आई, बाबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते?"

एकतीस, म्हटलं.

"मी पुढच्या साली एकतीस."

"पुढच्या साली पण पुरणपोळ्या करू," मी म्हटलं.

१५ मार्च

सगळे गेले. घर मोकळं. मनावरचा धोंडा उतरला असं लोक म्हणतात ते काय, आज कळलं. अंगण सारवलं. बय दोन दिवस नीट जेवत नाही. मऊ भात केला, तोही ठेवला.

१६ मार्च

काल तिन्हीसांजेला दिवा लावताना बय बोलली. माझ्याकडे न बघता.

"त्या राती घड्याळाचं बटन मी दाबून ठेवलं. वाजू नये म्हनून. मीच उठवनार होते, अंगठा धरून. पर डोळा लागला माझा. जाग आली ती खालनं येष्टीचा भोंगा आला तवा. तू झऱ्यावर. वाटलं, पोराची नोकरी जाते. उंबऱ्यातनंच हाक मारली. मोठ्यानं."

मग म्हणाली, "एकच मारली गो."

घड्याळ वाजलंच नव्हतं. एकोणीस वर्षं मी माझ्या घड्याळाला जपलं, तिने तिच्या हाकेला.

आज सकाळी बय उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली. जागी होती, श्वासावरून कळत होतं. मी ट्रंक उघडली, घड्याळाला किल्ली दिली. चालतंय. कोनाड्यात ठेवलं. चहा टाकला.

मग बयच्या पायथ्याशी बसले आणि तिचा अंगठा धरला.